मालाचा साठा

निफाडच्या बँकेत अर्जावर रकाना होता:
मालाचा साठा.
मी लिहिलं, थापट्या साधारण दोन हजार,
हळदीकुंकू मोजलेली नाहीत,
चक्रवाक जोडीनं येतात, म्हणजे आकडा सम धरावा.
साहेबांनी चष्मा काढला. बाई, गोदाम कुठे आहे?
म्हटलं, बंधाऱ्याच्या मागं,
गोदा आणि कादवा मिळतात तिथं.
छप्पर नाही. माल मार्चनंतर उडून जातो.

तारण म्हणून सहा बायकांच्या सह्या
आणि ठकूबाईचा अंगठा.
चाळीस हजार.
त्यातून मेनरोडवरच्या दुकानातल्या दोन जुन्या दुर्बिणी,
एकीच्या भिंगावर ओरखडा,
त्यातून प्रत्येक बगळ्याला जानवं दिसतं.
मग पाहुण्यांसाठी संडास, पांढऱ्या फरशीचा,
आमच्या कुणाच्याच घरात तसा नाही.
शेवटी पाटी.
पाटीवाल्यानं पक्षीची वेलांटी पहिली काढली,
पुन्हा रंगवायला पैसे नव्हते,
तशीच ठोकली बाभळीला.

अण्णा खाटेवरून बघत होता.
माझा बाप, लहानू बर्डे,
ज्यानं याच पाण्यात चाळीस हिवाळे
अवसेच्या रात्री जाळं ताणलं.
अभयारण्य व्हायच्या आधी.
आणि खरं सांगायचं तर, थोडं नंतरही.
सायखेड्याच्या ढाब्यावर जोडीला साठ रुपये,
पिसं काढून.

"नुसतं दाखवायचे पैसे?" त्यानं विचारलं.
"आणि पाखरू?"
पाखरू राहतं.
"मंग उद्या पुन्हा तेच इकायचं?"
हो.
बराच वेळ तंबाखू मळत राहिला.
"ही तर आमच्यापेक्षा मोठी लबाडी," म्हणाला,
आणि उरलेले तीन दात दाखवून हसला.

पहिली गाडी जानेवारीत आली, गंगापूर रोडची.
साहेब, बाईसाहेब, कानटोपीतली मुलगी.
नेमकं रात्रीच कालव्याला आवर्तन सुटलेलं.
पाणी आटून पार पलीकडं गेलेलं,
पाण्यामागं पाखरं.
पुढ्यात नुसता चिखल, दूरवर, चकचकीत.
पाठ केलेली नावं माझ्या घशात अडकली.
फ्लेमिंगो कुठायत, साहेबांनी विचारलं.
मग म्हणाले, एखादा दगड तरी भिरकावा पलीकडं,
उडताना तरी मिळतील.
मी दगड उचलला नाही.
नऊशे रुपये परत करायला पदराची गाठ मात्र चाचपली.

तेव्हा अण्णा उतरला चिखलात, अनवाणी.
मुलीला शेजारी उकिडवं बसवलं.
हे बघ, हा इथनं चालला. इथं थांबला.
इथं डाव्या पायावर भार जास्त, लंगडा असंल.
हा रातीचा, पावलात दव पडलंय.
हा आत्ताचा.
मुलीनं प्रत्येक ठशात आपलं बोट घालून पाहिलं.

आणि मग त्यानं ओठ मुडपले
आणि तो आवाज काढला
जो मी लहानपणी गोधडीतून ऐकायचे
आणि ज्याच्यानंतर सकाळी घरात कालवण असायचं.
एकदा. थांबून, दोनदा.
पाणवेलीतून उत्तर आलं.
एक हळदीकुंकू, एकटंच, चिखल तुडवत
आलं आलं आलं,
दहा हातांवर येऊन मान वाकडी करून उभं राहिलं,
चोचीच्या टोकाला हळद, कपाळाशी कुंकू, जसंच्या तसं.
अण्णाचे हात आपोआप वर झाले होते.
मी ते पाहिले.
त्यानंही पाहिले.
त्यानं ते पाठीमागं नेले, एकात एक गुंतवले.

अजून एकदा बोलवा ना काका, साहेब म्हणाले,
नोट काढली, पाचशेची.
"नाही," अण्णा म्हणाला. "खोटं बोलून बोलावलं तिला.
एवढंच."

जेवताना बाईसाहेबांनी ठेचा दोनदा घेतला.
मुलगी संडासातून ओरडली, इथे पाल आहे!
पाल आम्ही यादीत धरली नव्हती.

रात्री सातजणींनी हिशेब केला,
हप्ता बाजूला, वांगी, गॅस, पावती पुस्तक,
प्रत्येकीला एकेचाळीस रुपये आणि वर काही सुटे.
मी फरशी घासत होते.
अण्णा दाराशी येऊन उभा राहिला, आत न येता.
"तिला कळलं असंल का गं," म्हणाला,
"आवाज कुणाचा व्हता?"
मी बादली ओतली.
पाणी उतारानं गेलं, नदीच्या बाजूला.